सव्वा तासाचं अंतर

आमच्या नात्यागोत्यात गेली काही वर्षं एक वाक्य फार ऐकू येतं. "पॅरिस-लंडन म्हणजे काय हो, सव्वा तासाचं तर अंतर!" हे म्हणणारे बहुतेक जण पॅरिसलाही गेलेले नसतात आणि लंडनलाही. पण आकडा पाठ असतो.

या वाक्याचं कारण सांगते. आमचा मुलगा लंडनला असतो आणि माझ्या धाकट्या दिरांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, पॅरिसला. दोघं इथे एडवणला एकाच अंगणात वाढली, एका ताटात जेवली, एका एस.टी.ने शाळेत गेली. आता दोन-दोन वर्षं एकमेकांना भेटत नाहीत. याचं सगळ्यांना नवल वाटतं. नवल कसलं, थोडा रागच म्हणा ना! "इतकं जवळ राहून भेटत नाहीत म्हणजे काय? मनच नसेल!" इथपर्यंत गाडी जाते.

मंडळी, मी तीसहून अधिक वर्षं भूगोल आणि इतिहास शिकवला. आकडा दिसला की तो कशाचा आहे, कुठून कुठपर्यंत मोजला आहे, हे विचारायची सवय लागली आहे. ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. म्हणून म्हटलं, हा सव्वा तास एकदा फळ्यावर घेऊ या.

आधी साधी गोष्ट. पॅरिस आणि लंडन यांमधलं सरळ अंतर सुमारे ३४४ किलोमीटर. 'सरळ' म्हणजे पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला तर जितका लागेल तितकं. वर्गात मी हे मुलांना खरंच दोरा देऊन करायला लावत असे. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजलं की लांबच्या अंतरांना फसायला होतं, गोलावर होत नाही. जवळच्या शहरांना फारसा फरक पडत नाही, तरी सवय चांगली.

आता विमान उंचावर गेलं की ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास जातं. त्या वेगाने ३४४ किलोमीटरला पंचवीस-सव्वीस मिनिटं पुरतील. मग सव्वा तास कुठून आला? विमानाला वर चढायला वेळ लागतो, उतरायला लागतो, धावपट्टीच्या रांगेत थांबावं लागतं. तिकिटावरची वेळ ही एका विमानतळावरच्या दारापासून विमान हललं तिथपासून दुसऱ्या विमानतळावरच्या दाराला लागेपर्यंतची असते. म्हणजे हा सव्वा तास विमानाचा आहे, माणसाचा नव्हे! विमान आपल्या घरातून निघतं आणि आपल्या घरी पोचतं. माणसाला तसं करता येत नाही.

यात घड्याळाची आणखी एक गंमत आहे. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे. सकाळी दहाला पॅरिसहून सुटलेलं विमान लंडनला तिथल्या सव्वादहाला पोचतं. कागदावर प्रवास पंधरा मिनिटांचा! उलट येताना लंडनहून दहाला निघाला की पॅरिसला सव्वाबारा. रेखांशाने हिशेब केला तर दोन्ही शहरांत जेमतेम नऊ मिनिटांचा फरक असायला हवा. एका अंशाला चार मिनिटं, आणि पॅरिस लंडनच्या पूर्वेला सव्वादोन-अडीच अंशांवर. पण १९४० मध्ये जर्मनांनी पॅरिस घेतलं तेव्हा तिथली घड्याळं बर्लिनच्या वेळेला लावली गेली आणि युद्ध संपल्यावरही फ्रान्सने मध्य युरोपची वेळच कायम ठेवली. तेव्हा तासांचे आकडे काही आकाशातून पडत नाहीत, माणसं ते ठरवतात.

आता माणसाचा प्रवास मोजू. पुतणीने मला एकदा फोनवर सगळा हिशेब सांगितला, मी वहीत लिहून घेतला. तिचं घर ते विमानतळ एक तास. विमानतळ शहराच्या ईशान्येला पंचवीसेक किलोमीटरवर आहे. तिथे दोन तास आधी जायचं. विमानाचा सव्वा तास. लंडनला उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान, पाऊण तास धरा. तिथून चुलतभावाच्या घरी आणखी एक तास. किती झाले? सहा. सव्वा तासाचे सहा तास झाले, आणि हे सगळं वेळेवर चाललं तर.

म्हणून ती विमानाने जातच नाही, आगगाडीने जाते. इंग्लिश खाडीच्या खालचा बोगदा ६ मे १९९४ रोजी सुरू झाला. पन्नास किलोमीटर लांबीचा, त्यातले सुमारे अडतीस किलोमीटर समुद्रतळाखाली. सुरुवातीला पॅरिस-लंडन गाडीला तीन तास लागत. नोव्हेंबर २००७ मध्ये इंग्लंडच्या बाजूचा वेगवान मार्ग पूर्ण झाल्यावर ते सव्वादोन तासांवर आलं. गाडी शहराच्या मध्यातून सुटते आणि शहराच्या मध्यात पोचते. स्टेशनवर तास-सव्वा तास आधी जावं लागतं ते धरूनही घर ते घर साडेचार तास. म्हणजे सव्वा तासाचं विमान सहा तास घेतं आणि सव्वादोन तासांची गाडी साडेचार. जो आकडा लहान, तोच प्रवास मोठा!

फ्रान्समध्ये हे सरकारलाही पटलं. जिथे अडीच तासांच्या आत आगगाडीने जाता येतं अशा काही देशांतर्गत मार्गांवरची विमानं त्यांनी कायद्याने बंद केली. कायदा २०२१ चा, प्रत्यक्ष हुकूम मे २०२३ चा. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून नांत, लिओं आणि बोर्दोला जाणाऱ्या फेऱ्या त्यात गेल्या. हेतू प्रदूषण कमी करण्याचा होता. पण मला भावलं ते हे, की कायदा करणाऱ्यांनी किलोमीटर मोजले नाहीत, विमानाचे तासही मोजले नाहीत. दुसऱ्या साधनाने माणूस किती वेळात पोचतो ते पाहिलं.

स्वस्त विमानांची तऱ्हा आणखी वेगळी. पॅरिसच्या नावाने तिकीट विकतात आणि उतरवतात बोव्हे नावाच्या गावी, पॅरिसपासून पंच्याऐंशी किलोमीटरवर. म्हणजे प्रवाशाला सफाळ्याला उतरवायचं आणि म्हणायचं, "आलं हो चर्चगेट!" जर्मनीत फ्रँकफर्टच्या नावाचं एक विमानतळ शहरापासून सुमारे एकशेवीस किलोमीटरवर आहे. तो तर थेट डहाणू रोडच झाला. आपल्याकडे असं कुणी केलं तर लोक गाडीतून खाली उतरणार नाहीत.

इथपर्यंतचा हिशेब निदान तासांचा होता. पण खरी अडचण तासांत मावतच नाही. आमची दोन्ही मुलं भारतीय पासपोर्टवर आहेत. मुलाला ब्रिटनमध्ये राहायची परवानगी आहे, फ्रान्समध्ये जायची नाही. पुतणीला फ्रान्समध्ये राहायची आहे, ब्रिटनमध्ये जायची नाही. युरोपातल्या पुष्कळ देशांनी आपापसातल्या सीमेवरची तपासणी काढून टाकली, त्याला शेंगेन म्हणतात. ब्रिटन त्यात कधीच नव्हता. त्यामुळे एकाने दुसऱ्याकडे जायचं म्हणजे व्हिसा. अर्ज, फी, बँकेचे कागद, बोटांचे ठसे, त्यासाठी ठरवून घेतलेली वेळ. शेंगेनच्या व्हिसाचा निर्णय साधारण पंधरा दिवसांत द्यायचा असा नियम आहे, ब्रिटनचा साधारण तीन आठवड्यांत येतो. त्याआधी भेटीची वेळ मिळायला किती दिवस लागतील ते नशीब. म्हणजे सकाळी मनात आलं आणि संध्याकाळी भावाकडे गेले, असं नाहीच.

तुलनेसाठी बघा. पॅरिसहून ब्रसेल्स सरळ अंतराने सुमारे २६५ किलोमीटर, आगगाडीने एक तास बावीस मिनिटं. दोन वेगळे देश. पण दोन्ही शेंगेनमध्ये. तिकडे पुतणी रविवारी मैत्रिणीकडे जेवायला जाऊन रात्री घरी येते. लंडन त्यापेक्षा फक्त ऐंशी किलोमीटर लांब, आणि तिथे जायला दीड महिना आधी कागद जमवायचे. आता सांगा, या दोन भावंडांमधलं अंतर सव्वा तास, सहा तास, की दीड महिना?

तुम्ही म्हणाल, बाई, एडवणला बसून पॅरिसचं काय घेऊन बसलात? बरोबर आहे. मग आपल्या दारातलं उदाहरण घेऊ. तिथे विमानही नाही आणि व्हिसाही नाही.

दातिवऱ्याच्या टोकाला उभं राहिलं की वैतरणेच्या मुखापलीकडे अर्नाळा दिसतो. त्याच्यामागे विरार. एडवणहून विरार सरळ रेषेत पंधरा किलोमीटरच्या आतच आहे. पण मध्ये खाडी. मोटारीने जायचं तर आधी सफाळे, मग तांदूळवाडीचा घाट चढून-उतरून वरई फाटा, मग अहमदाबादच्या महामार्गाने खाली विरार. नुसतं सफाळे ते विरारच साठ किलोमीटरच्या घरात भरतं. कावळ्याला पंधरा, माणसाला पाऊणशे! दुसरा मार्ग आगगाडीचा. एस.टी.ने किंवा रिक्षाने सफाळ्याला या, गाडीची वाट बघा, गाडीत जागा मिळवा.

२०२५ च्या फेब्रुवारीत खाडीवर रो-रो सेवा सुरू झाली. पलीकडे नारंगी, अलीकडे आमच्या बाजूला जलसारजवळची खारवाडेश्री. साठ किलोमीटरच्या वळशाऐवजी दीड किलोमीटर पाणी, पंधरा मिनिटांत पार, मोटारसायकल-मोटारीसकट. मी हे वाचलं तेव्हा मनापासून आनंद झाला. पूर्वी आमच्या सासूबाईंच्या काळात याच किनाऱ्यावरून शिडाची गलबतं आणि मचवे मुंबईला माल नेत, तेव्हा पाणी हाच रस्ता होता. मधल्या काळात आपण ते विसरलो आणि खाडीला अडथळा म्हणू लागलो.

पण इथेही तोच प्रश्न. पंधरा मिनिटं कुठून कुठपर्यंत? धक्क्यापासून धक्क्यापर्यंत. ज्याच्याकडे स्वतःची गाडी आहे त्याचा प्रवास खरोखर कमी झाला. ज्याच्याकडे नाही, त्याला धक्क्यापर्यंत नेणारं वाहन हवं आणि पलीकडे उतरल्यावर विरार स्टेशनपर्यंत दुसरं. बोट कितीही चांगली असली तरी तिच्या दोन्ही टोकांना बस जोडून दिली नाही, तर वर्तमानपत्रातली पंधरा मिनिटं आणि आजीबाईची पंधरा मिनिटं वेगळीच राहणार.

अंतरं कमी झालीच नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. आमच्या भागातून रेल्वे गेली ती १८६४ साली, नोव्हेंबरमध्ये सुरतेजवळच्या उत्राणपासून मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत मार्ग सुरू झाला तेव्हा. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, एप्रिल २०१३ मध्ये, चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट २०१४ रोजी, पालघर जिल्हा वेगळा झाला आणि कचेरीच्या कामाला ठाण्याला जायचं वाचलं. माझ्या सासूबाई मुंबईला जायचं तर बैलगाडीने स्टेशन गाठत आणि मुक्कामाच्या तयारीनेच निघत. माझ्या विद्यार्थिनी सकाळच्या गाडीने वसई-विरारला कॉलेजात जाऊन रात्री घरी जेवायला येऊ लागल्या. ही छोटी गोष्ट नाही. कितीतरी मुलींचं शिक्षण त्या गाडीने केलं आहे.

आकाशातलंही तसंच. भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान, एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस', ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० जूनला लंडनला पोचलं. आज मुंबई-लंडनच्या सुमारे ७२०० किलोमीटरला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात. येताना थोडे कमी, कारण उंचावरचे पश्चिमी वारे पाठीशी असतात. दोन दिवसांचं काम दहा तासांवर आलं, याचं कौतुक कुणाला नसेल?

माझं म्हणणं इतकंच आहे, की हे सगळं कमी झालं ते मधलं अंतर. टोकांचं अंतर जिथल्या तिथे आहे. आणि आपण सांगताना फक्त मधलं सांगतो.

याने काय बिघडतं? आता जे लिहिते ते पुतणीला विचारूनच लिहिते आहे.

२०१८ च्या जुलैमध्ये माझी धाकटी जाऊ, म्हणजे पुतणीची आई, अगदी शेवटच्या आजारात होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. पुतणीला कळवलं. ती मिळेल त्या पहिल्या विमानाने निघाली. पॅरिस-मुंबई सुमारे सात हजार किलोमीटर, नऊ तासांत पार पडले. रात्री साडेअकराला ती मुंबईत उतरली. पण त्या दिवसांत पावसाने कहर केला होता, नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, लोकल बंद. रात्री इतक्या लांब यायला कुठलाही टॅक्सीवाला तयार होईना. पहाटे एक जण तयार झाला. महामार्गावर ठिकठिकाणी पाणी आणि ट्रकांच्या रांगा. ती अंगणात पाऊल टाकायला सकाळचे साडेनऊ वाजले. तिची आई सहा वाजून गेल्यावर थोड्या वेळात गेली होती. सात हजार किलोमीटरला नऊ तास, आणि विमानतळापासून आमच्या घरापर्यंतच्या, सरळ रेषेतल्या साठ किलोमीटरच्याही आतल्या अंतराला दहा तास.

पाऊस होता. त्याला कुणाला बोल लावायचा? पुतणीनेही लावला नाही. पण दहाव्याला आलेल्या एका वडीलधाऱ्या माणसाने तिच्यासमोरच म्हटलं, "नऊ तासांचं तर अंतर आहे. दोन दिवस आधी निघाली असती तर आईचं तोंड दिसलं असतं." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. पण पोरीचा चेहरा मी पाहिला. ती काही बोलली नाही, आत गेली आणि भांडी घासत बसली.

मला तेव्हापासून हे नऊ तास आणि सव्वा तास खटकतात. आकडा लहान केला की न येणाऱ्या माणसाचा दोष मोठा होतो. "तीन आठवड्यांचा बोटीचा प्रवास आहे" असं असतं तेव्हा कुणी कुणाला विचारत नाही की का आला नाहीस. "नऊ तासांचा आहे" म्हटलं की विचारतात. परदेशी असलेल्या आपल्या मुलांवर हे ओझं आपण नकळत टाकतो. ती तिकडे रजा, पैसे, कागद, लहान मुलांची शाळा सगळं जुळवत असतात, आणि इकडे आपण विमानाच्या तिकिटावरचा आकडा वाचून त्यांना तोलत असतो. परदेशीच कशाला? बोईसरच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा आपला भाचा "एवढ्या जवळ असून" सणाला आला नाही म्हणून आपण नाराज होतो. रात्रपाळी सुटल्यावर बोईसरहून गाडी, मग सफाळ्याहून बस, हे त्याने कधी आणि कसं जुळवायचं, ते मोजत नाही.

लहान आकड्याने दुसरंही एक होतं. ज्यांनी टोकांची व्यवस्था करायची त्यांना सुटका मिळते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन ५०८ किलोमीटर, मोजके थांबे घेतले तर दोन तास सात मिनिटं, असं आपण ऐकत आलो. बारा स्थानकांपैकी विरार आणि बोईसर आपल्या जिल्ह्यात. छान. पण एडवणच्या माणसाने बोईसरला जायचं म्हणजे केळवे, माहीम, पालघर करत किती बसा-रिक्षा बदलायच्या? वाढवणच्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. त्याबद्दल किनाऱ्यावरच्या लोकांचं म्हणणं आहे आणि ते ऐकायला हवं, तो आजचा विषय नाही. त्या बाजूला विमानतळाचीही चर्चा आहे. उद्या खरंच झालं तर कुणीतरी म्हणेल, "एडवणहून लंडन दहा तास!" तेव्हा मी विचारीन, रात्री अकराला विमान उतरलं तर माझा मुलगा घरी कसा येणार?

कोट्यवधी रुपये मधल्या अंतरावर खर्च होतात, कारण तिथे मिनिटं वाचलेली दाखवता येतात. संध्याकाळच्या शेवटच्या लोकलला जोडून सफाळ्याहून किनाऱ्याच्या गावांना एक बस ठेवली, तर त्याचं उद्‌घाटन कोण करणार? फीतही कापता येत नाही! पण पुलावरून धावत खाली येणाऱ्या नर्सबाईला आणि कामगाराला ती बस तासभर वाचवून देते. रात्री छातीत दुखू लागलेल्या माणसाला वाहन मिळायला पंधरा मिनिटं लागतात की दीड तास, यावर त्याचा जीव अवलंबून असतो. हृदयविकारात पहिला तास मोलाचा, हे डॉक्टर सांगतातच. तो तास मुंबईच्या दवाखान्यापासून मोजत नाहीत, दुखू लागल्यापासून मोजतात.

यावर आमच्या चिरंजिवांचा आक्षेप असा, की "आई, आकडा सोपा असला पाहिजे. प्रत्येक वेळी सगळा हिशेब कोण सांगत बसणार?" मुद्दा खरा आहे. विमानाची वेळ सगळ्यांना सारखी, घर मात्र प्रत्येकाचं वेगळं. विमान कंपनीने माझ्या अंगणापासूनची वेळ छापावी असं मी म्हणतच नाही. त्यांनी त्यांच्या विमानाची वेळ छापली, ती बरोबरच आहे. तो आकडा उचलून नात्यांना लावतो तो आपण. तिथे मात्र आपल्याला हिशेब करता येतो आणि करायला हवा.

शाळेत असताना मी अंतराच्या धड्यानंतर मुलांना घरी एक काम देत असे. तुमच्या घरापासून पालघरच्या तहसील कचेरीपर्यंत जा आणि या, प्रत्येक टप्प्याला घड्याळ बघून लिहा. किती चाललात, किती थांबलात, किती प्रत्यक्ष गाडीत बसलात. वह्या तपासताना दरवेळी एकच दिसायचं. चालण्या-थांबण्याचा वेळ गाडीत बसण्याच्या वेळेपेक्षा जास्त! एका मुलाने लिहिलं होतं, "बाई, गाव लांब नाही, बस लांब आहे." त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले होते.

तर मंडळी, माझी सूचना साधी आहे. कुणी "अमुक तासांचं अंतर" असं म्हणालं की तीन प्रश्न विचारा. दारातून दारात किती? शेवटची गाडी किती वाजता? आणि वाटेत कुणाची परवानगी लागते? तिन्हीची उत्तरं मिळाली की मग ठरवा ते जवळ आहे की लांब, आणि न आलेल्यावर रागवायचं की नाही.

आमच्या नातेवाईकांपैकी जे हे वाचतील त्यांना वेगळी विनंती. त्या दोघांना यापुढे "सव्वा तास तर आहे" असं म्हणू नका. पुतणीने यंदा व्हिसाचा अर्ज केला आहे, ठशांची वेळ पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. मिळाला तर दिवाळीला दोघं लंडनला एकत्र असतील आणि चकल्या कुणाच्या बिघडल्या त्याचे फोटो येतील. नाही मिळाला तर दोघांनाही फोन करा आणि फराळ काय केला एवढंच विचारा.

आणि वाचकहो, तुम्हीही आपल्या गावापासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतचं अंतर एकदा घड्याळ लावून, दारातून दारात मोजा आणि मला कळवा. शेवटची बस किती वाजता सुटते, ते लिहायला विसरू नका.